लपवलेली गाडी : बावन्नाव्या वर्षी घेतलेल्या स्पोर्ट्स कारचे एक प्रकरण

चौदा महिन्यांत रनिंग झाले अवघे १,९०० किलोमीटर. तेवढ्यात बॅटरी दोनदा पार उतरली, सीटखालचा कंट्रोल बॉक्स पाण्याने गेला, चारही टायर बदलावे लागले आणि ऑइल भरायच्या नळीत दुधाळ साय जमली. गाडी २००३ सालची पोर्शे बॉक्स्टर : २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, २२८ अश्वशक्ती, पाच गिअर, कापडी छत. घेणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे, डोक्यावर कर्ज नाही, गाडी चालवण्याचा तीस वर्षांचा सराव.

यातला एकही बिघाड गाडी दामटल्यामुळे झालेला नाही. ज्याच्या त्याच्या मुळाशी गेले की एकच गोष्ट हाती लागते : लोक काय म्हणतील. या धास्तीने आधी चुकीची गाडी निवडली गेली, मग ती घाईत घेतली गेली आणि शेवटी ती झाकून ठेवली गेली. मध्यमवयातल्या स्पोर्ट्स कारची चर्चा नेहमी मनाच्या अंगाने होते. आमच्या मते ती गॅरेजच्या अंगानेही व्हायला हवी, कारण लोकलाजेची किंमत शेवटी तिथेच मोजावी लागते.

हे प्रकरण एकाच घरातले नाही. अशा खरेदीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका गाडीवर आणि एका कुटुंबावर बसवून मांडल्या आहेत. गाडीविषयीचे तपशील मात्र त्या मॉडेलचेच आहेत.

निवड : लाल की चंदेरी

समोर दोन गाड्या होत्या. पहिली लाल, रनिंग जरा जास्त, पण सर्व्हिसची सगळी बिले फाईलला लावलेली. त्यात क्लच आणि आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग) बदलल्याचे बिलही होते. दुसरी चंदेरी, रनिंग कमी, मधल्या सहा वर्षांचा एकही कागद नाही. गृहस्थांना मनापासून लाल आवडली होती. घेतली चंदेरी. कारण एकच : लाल फार डोळ्यात भरेल, ऑफिसात चर्चा होईल, ‘म्हातारचळ लागला’ म्हणतील.

ज्यांना गाड्यांतले कळते त्यांना या निवडीने हळहळ वाटेल. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो पुढे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या एका टोकाचे बेअरिंग सीलबंद असते. सील जुने झाले की आतले ग्रीस धुऊन जाते, बेअरिंग झिजते आणि एक दिवस तुटते. त्याबरोबर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, जाते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात निघते. सगळ्याच गाड्यांत असे होत नाही, बहुतेक गाड्या धडधाकट चालतात. पण ज्या गाडीत हे काम झाल्याचे बिल आहे ती सोडून ज्या गाडीत सहा वर्षांचा हिशोबच नाही ती घेणे, आणि तेही रंगापायी, हा सौदा तोट्याचाच.

रंगाने खरोखर किती फरक पडतो? कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवले आणि किती जणांच्या लक्षात आले असेल असे विचारले. घालणाऱ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच ते ध्यानात आले होते. गाडी टी-शर्टपेक्षा मोठी असते, आवाजही करते, हे खरे. पण दोन सीटची, टपावर कापड असलेली, जमिनीला टेकलेली गाडी चंदेरी असल्यामुळे कुणाच्या नजरेतून सुटत नाही. ज्याला बोलायचे तो बोलतोच, आणि दोन दिवसांत विसरतोही.

घाई

चंदेरी गाडी पाहिल्यापासून पैसे देईपर्यंत चार दिवस गेले. लिफ्टवर चढवून तपासणी झाली नाही. बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायचे म्हटले असते तर आठवडा लागला असता. तेवढ्यात घरात विषय निघेल, भावाला कळेल, कुणीतरी ‘या वयात कशाला’ म्हणेल आणि आपलाच धीर सुटेल, ही भीती. ही घाई या वयातल्या खरेदीत फार वेळा दिसते. पंचविशीतला गिऱ्हाईक पैशांपायी तपासणी टाळतो, पन्नाशीतला कुणी अडवू नये म्हणून टाळतो.

तपासणी झाली असती तर कोणत्या गोष्टी पाहिल्या गेल्या असत्या, ते नीट सांगायला हवे, कारण यात अंदाजपंचे काम चालत नाही.

गाडी थंड असताना पहिला स्टार्ट विकणाऱ्याने नव्हे, आपण मारायचा. सुरू होताच एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि बराच वेळ थांबला नाही, तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळे करणारा भाग) गेला असण्याची शक्यता मोठी. मग ऑइल फिल्टर काढून त्यातला कागद कापून, घड्या उलगडून उजेडात बघायचा. काळे-तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर साखळीच्या गाइडचे पॅड झिजलेत. चकाकणारे कण दिसले तर त्यावर चुंबक धरायचा. चुंबकाला चिकटणारा चुरा बेअरिंगकडे बोट दाखवतो, आणि तसा चुरा असेल तर ‘नवीन बेअरिंग टाकून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कण तोवर सगळ्या इंजिनात फिरलेले असतात. इंजिन उघडून साफ केल्याशिवाय नव्या बेअरिंगचा उपयोग नाही.

स्कॅनर लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोन आकडे घ्यायचे. पहिला ओव्हर-रेव्हचा. चौथ्यातून पाचवा टाकताना चुकून तिसरा पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरते, आणि ती नोंद किती वेळा नि किती तासांवर झाली ते तिथे राहते. दुसरा आकडा इंजिन एकूण किती तास चालले याचा. किलोमीटरला तासांनी भागा. या गाडीत पुढे पाहिले तेव्हा ९२,००० किलोमीटर आणि २,३०० तास निघाले, म्हणजे ताशी सरासरी ४०. हे पटण्यासारखे आहे. हाच भागाकार १५ आला असता तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायला जागा होती.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचायचा : २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर कडक होते. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावे, दहाच्या पुढे वापरूच नये. या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि मागचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. या मॉडेलला १७ इंची चाकांवर पुढे २०५ आणि मागे २५५ रुंदीचे टायर येतात, त्यामुळे पुढचे मागे टाकून काम भागवता येत नाही. क्लच बघायला चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा. काटा चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. पुढच्या बंपरमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर असतात. त्यांच्यात आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये पाला साचून ओला राहतो आणि ॲल्युमिनियम खातो. तिथे टॉर्च मारून बघायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

हे सगळे एका सकाळचे काम आहे.

कोण बोलले आणि काय

ऑफिसातल्या सहकाऱ्याने ‘मिडलाइफ क्रायसिस का?’ विचारले. शेजाऱ्याने ‘आता केसही काळे करा’ म्हटले. भाऊ म्हणाला, ‘एवढ्यात दोन चांगल्या गाड्या आल्या असत्या.’ मुलीने विचारले, ‘बाबा, मला चालवायला देणार का?’ गृहस्थांच्या आईने आत बसून पाहिले आणि बाहेर पडताना तिला दोघांनी हात द्यावा लागला. ती काही बोलली नाही.

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द एलियट जॅक्स या कॅनेडियन मनोविश्लेषकाने १९६५ च्या एका निबंधात वापरला आणि रूढ झाला. त्याने कलावंतांची आयुष्ये तपासली होती आणि हा टप्पा पस्तिशीच्या आसपास धरला होता. पन्नाशीतल्या माणसाने गाडी घेतली की तो शब्द फेकायचा, हे नंतरचे. त्यात निदान काही नसते. असते ती नुसती थट्टा. हसून सोडून द्यावी इतपतच तिचे वजन.

पण या थट्टेचा एक भाग कुणी लक्षात घेत नाही. ती गाडी घेणाऱ्यावर केली जाते आणि लागते त्याच्या बायकोला. एका समारंभात कुणीतरी तिला म्हणाले, ‘लक्ष ठेवा हो!’ ती हसली आणि घरी येऊन गप्प झाली. तिचे खुपणे निराधार म्हणता येत नाही. जिल संडी आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या संशोधनात स्त्रियांना दोन पुरुषांची वर्णने दिली होती. एकाने पोर्शे बॉक्स्टर घेतलेली, दुसऱ्याने होंडा सिव्हिक. थोड्या दिवसांच्या ओळखीसाठी बॉक्स्टरवाला जास्त आवडला. लग्नासाठी मात्र त्या गाडीने त्याचे पारडे जड झाले नाही. म्हणजे अशी गाडी बघणाऱ्याला काहीतरी सुचवते, आणि नेमके तेच सुचवते ज्याचा टोमणा बायकोला ऐकावा लागतो. गाडी घेणाऱ्याच्या मनात त्यातले काहीही नसू शकते. या गृहस्थांच्या मनात नव्हतेच. त्यांना विशीपासून मिड-इंजिन गाडी, म्हणजे सीटमागे पण मागच्या चाकांच्या पुढे इंजिन असलेली गाडी, चालवायची होती.

घरातली खरी अडचण वेगळीच होती. पैसे भरल्यावर दोन दिवसांनी त्यांनी घरी सांगितले. पत्नी एवढेच म्हणाली, ‘तुझी हौस मला कळते. सगळं उरकून मग सांगितलंस, ते लागलं.’ मग तिने तीन गोष्टी विचारल्या : पैसे कुठल्या खात्यातून गेले, दुरुस्ती निघाली तर कशातून करणार, आणि तुला काही झाले तर विम्यात काय काय आहे. तिन्हींना धड उत्तर नव्हते. ‘लोक काय म्हणतील’ या एकाच गाठोड्यात शेजाऱ्याची थट्टा आणि बायकोचे हे प्रश्न एकत्र बांधले गेले, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. थट्टेला उत्तर द्यायची गरज नसते. या तीन प्रश्नांना आकड्यांत, कागदावर, गाडी घेण्याआधी उत्तर द्यायला हवे होते. त्यांनी दोन्हींना एकच उत्तर दिले : गाडी नजरेआड केली.

झाकलेली गाडी कशी बिघडते

रस्त्याकडून दिसू नये म्हणून ती घरामागे झाडाखाली लावली आणि वरून जाड प्लास्टिकचे कव्हर घातले. वापर असा : पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, दहा-अकरा किलोमीटरची फेरी. कधी आठवड्यात चार-पाच फेऱ्या, कधी सलग पाच-सहा आठवडे गाडी कव्हरखालीच.

बॅटरीचे गणित सोपे आहे. बंद गाडीतही अलार्म, लॉक आणि घड्याळ थोडा करंट ओढतात. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्मी होते; जुनी असेल तर त्याआधीच बसते. दहा किलोमीटरच्या फेरीत ती पुन्हा भरत नाही.

ऑइलचे दुखणे फेरी छोटी असल्याचे. या इंजिनात आठ लिटरच्या वर ऑइल असते. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापले असे होत नाही; त्याला आणखी बराच वेळ लागतो. तोवर जळणातून तयार झालेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, ते ऑइलमध्ये मिसळते. मागच्या डिकीतले ऑइलचे झाकण उघडले तेव्हा नळीच्या आतल्या बाजूला बोटभर साय निघाली, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची. गृहस्थ घाबरले, हेड गास्केट गेले, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये शिरतोय, असे त्यांना कुणीतरी सांगितले. तसे नव्हते. कूलंटच्या टाकीची पातळी रेघेवर स्थिर होती आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते. चाळीस किलोमीटरच्या एका सलग फेरीनंतर साय विरघळून गेली. कूलंट कमी होत असेल तेव्हाच पुढची शंका घ्यावी. मात्र असे पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगना बाधते, आणि मधल्या शाफ्टच्या बेअरिंगला तर उभी गाडी आणि कमी आरपीएमवर हळू हळू चालवणे दोन्ही मानवत नाही. आपण गाडी जपतो आहोत असे पहाटेच्या त्या फेऱ्यांत त्यांना वाटत होते.

सर्वांत महाग पडले ते झाडाखाली लावणे. कापडी छत जिथे घडी होऊन बसते त्या खोबणीत दोन्ही बाजूंना पाणी जायच्या नळ्या असतात. त्या मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली उघडतात. कव्हर काढताघालताना पाला त्या खोबणीत पडत गेला, कुजला, आणि नळीच्या तोंडाशी काळा चिखल बसला. जोराचा पाऊस झाला आणि वाट न मिळालेले पाणी आत उतरले. वरून कार्पेट फक्त दमट वाटत होते. हाताने दाबले तेव्हा बोटांभोवती पाणी वर आले, कारण कार्पेटखाली जाड फोम आहे आणि तो पाणी धरून ठेवतो. त्याच फोमच्या खळग्यात, सीटखाली, इमोबिलायझरचा (खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल बॉक्स बसवलेला असतो. लक्षणे आधी विचित्र आली : रात्री आपोआप अलार्म, रिमोटने दार उघडेना, काचा अर्ध्यावर थांबल्या. चौथ्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. पहिल्याच दिवशी बॉक्स काढून सुकवला असता तर कदाचित वाचला असता. पण अलार्म वाजल्यावर शेजारी जमले म्हणून लाजेने त्यांनी फक्त बॅटरी सोडवली आणि कव्हर पुन्हा ओढले.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवला. आधी बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबायचे, मगच सीटचे चार बोल्ट आणि खालचे कनेक्टर काढायचे. वायर जोडलेली असताना कनेक्टर ओढले की एअरबॅगचा दिवा लागतो. कार्पेट वर घेऊन फोम पूर्ण सुकवायचा, वरवर पुसून भागत नाही. बॉक्स नवा बसवला तर किल्ल्या पुन्हा कोड कराव्या लागतात, म्हणून जुन्या गाडीबरोबर किल्लीच्या कोडचा कागद मागून घ्यावा. छत अर्धे उघडून नळ्यांत मऊ नायलॉनची दोरी सारायची. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नये, आतला जोड निसटतो आणि मग पाणी कायमचेच आत. शेवटी प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी ओतून ते गाडीखाली पडते का ते बघायचे.

घडी पुन्हा बसवताना

गाडी विकायची की ठेवायची, हा निर्णय यावेळी दोघांनी बसून घेतला. आधी राहून गेलेली तपासणी करून घेतली. फिल्टरच्या घड्या स्वच्छ निघाल्या, ओव्हर-रेव्हच्या नोंदी नगण्य, लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहतात) सहाही सिलिंडर जवळजवळ सारखे. क्लच मात्र शेवटच्या टप्प्यावर होता. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मधल्या शाफ्टचे बेअरिंग व क्रँकचे मागचे सील त्याच जागी असतात. तिन्ही कामे एकदमच करावीत. वेगवेगळी केली तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. बेअरिंग ओढण्याआधी कॅम लॉक करणे सक्तीचे आहे. ते न करता ओढले तर टायमिंग सरकते.

पत्नीच्या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून काढली. गाडीसाठी वेगळे खाते. खरेदी किमतीच्या चौथ्या भागाएवढी रक्कम त्यात कायम ठेवायची, ती संपली की घरखर्चाला हात न लावता गाडी उभी करायची किंवा विकायची. विमा ठरलेल्या किमतीचा, मुलीचे नाव चालकांत. आणि एक अट पत्नीने घातली : नवे टायर बसल्यावर बंद ट्रॅकवर एक दिवस प्रशिक्षण. अट रास्त होती. इंजिन मागच्या चाकांच्या पुढे असलेली गाडी वळणात फार स्थिर वाटते. पण वळणाच्या मध्यावर दचकून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाते आणि मागची बाजू सुटते, तीही झटकन. रोजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने तीस वर्षांत लावलेली सवय नेमकी उलटी असते. वयाचा यात संबंध थोडा, सवयीचा फार. ओल्या ट्रॅकवर कमी वेगात दहा-बारा वेळा गाडी फिरू दिली की पायाला कळते.

गुडघे जुने होते, त्यावर उपाय साधा निघाला : आत जाताना आधी पाठमोरे होऊन सीटवर बसायचे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, उतरताना उलट. एक पाय आत टाकून वाकणाऱ्याची कंबर धरते.

दोन सीटचा प्रश्न मात्र सुटला नाही. चौघे एकत्र कुठेच जाऊ शकत नाहीत, आणि आई या गाडीत बसणार नाही. हे खरेदीआधी बोलायला हवे होते, नंतर त्यावर तोड नाही. घरची मोठी गाडी म्हणूनच ठेवली आहे.

आता बॉक्स्टर घरासमोर उभी असते, हवा खेळती राहणाऱ्या कापडी कव्हरखाली, बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून. आठवड्यातून एकदा किमान चाळीस किलोमीटर, भर दिवसा. एका शनिवारी पत्नी बरोबर असते, दुसऱ्या शनिवारी मुलगी चालवते. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे : तारीख, रनिंग, ऑइलची पातळी, कूलंटची रेघ, टायरची हवा. पावसाच्या आधी आणि नंतर नळ्यांत पाणी ओतल्याच्या दोन नोंदी. दुसऱ्या वर्षाअखेर रनिंग वाढले ७,४०० किलोमीटरने. ऑइल बदलताना फिल्टर पुन्हा कापला, घड्या स्वच्छ होत्या. शेजाऱ्यांनी परवा विचारले, टायर कितीला पडले.